भिंतीवरचे काळे ठिपके पुसले तरी परत का येतात?

मे महिन्यात आम्ही बेडरूम रंगवून घेतली. चांगला महागातला रंग, 'धुता येतो' म्हणून विकतात तो. आणि गणपतीच्या आधी आईने साफसफाई काढली, कपाट जरा पुढे ओढलं तर मागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, कोणी शाईचा ब्रश झटकल्यासारखी. कपाटाच्या मागच्या प्लायवर हिरवट पांढरी साय. वास तर तुम्हाला माहितीच असेल, जुलैमध्ये लोकलमध्ये शेजारच्याच्या न वाळलेल्या शर्टाला येतो ना, तोच.

मग नेहमीचं सगळं करून झालं. ब्लीच मारलं, ठिपके गेले, आठ दिवसात परत. डीप क्लिनिंगवाल्यांना बोलावलं, दोन पोरं आली, मशीनने भिंतीवर वाफ मारली, वर लिंबाच्या वासाचा कसलातरी स्प्रे मारला, बऱ्यापैकी पैसे घेतले, आणि तीन आठवड्यात ठिपके परत हजर. नंतर लक्षात आलं की वाफ म्हणजे पाणीच की, म्हणजे ज्या भिंतीला आधीच ओल होती तिला आम्ही पैसे देऊन अजून पाणी पाजलं. रंगारी म्हणाला वॉटरप्रूफ पुट्टी मारू. शेजारच्या काकू म्हणाल्या डांबराच्या गोळ्या ठेवा. शेवटी वैतागून मीच वाचायला बसलो, दोनचार जाणकारांना विचारलं, आणि जे कळलं ते इथे सोपं करून लिहितोय, कारण दर पावसाळ्यात अर्ध्या मुंबईत हेच चाललेलं असतं.

बुरशीचं बी आधीच घरात असतं

बुरशीचं बी असतं, त्याला बीजाणू म्हणतात. एकेक बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पाव भागाहूनही लहान. हे हवेत सगळीकडे असतात, तुमच्या घरात, माझ्या घरात, पंचतारांकित हॉटेलात पण. ते शून्यावर आणणं कोणाच्या बापाला जमणार नाही आणि तशी गरजही नाही.

बिल्डिंगच्या मागच्या बाजूला पाइपाजवळ पिंपळ उगवलेला बघितलाय ना? कावळे आणि बाकीचे पक्षी पिंपळाचं बी सगळ्या बिल्डिंगवर टाकत असतात, पण झाड उगवतं कुठे, तर जिथे पाइप गळतोय तिथे. सोसायटी दर वर्षी माणूस दोरीवर लटकवून तो पिंपळ कापते आणि पुढच्या वर्षी तो परत येतो, कारण पाइप तसाच असतो. भिंतीवरच्या ठिपक्यांचं अगदी तसंच आहे. बी हवेतून येतंच राहणार. त्याला खायला थोडी धूळ, रंगातला चिकटपणा, प्लाय, पुठ्ठा, कपड्याची खळ, काहीही चालतं. तापमान मुंबईत बारा महिने त्याच्या सोयीचं. मग आपल्या हातात उरतं एकच, पाणी. एखादी वस्तू भिजली आणि २४ ते ४८ तासात पूर्ण वाळली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. नाही वाळली तर धरते.

मग हे पाणी येतं कुठून?

सगळ्यात ओळखीचं म्हणजे लीकेज. वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखाली पाणी जायचा भाग), टाइलचे उघडे पडलेले जॉइंट, गच्चीचं गेलेलं वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतीची भेग. मुंबईत चार महिन्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही वाऱ्याबरोबर तिरका भिंतीवर आपटतो, त्यामुळे केसाएवढी भेगही पुरते.

दुसरा रस्ता जमिनीतून. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे माहितीये, भिंतीच्या पायथ्याशी पोपडे येतात आणि पांढरी पावडर सुटते, आपण म्हणतो लोणा लागला. बिस्किटाचं टोक चहात धरलं की चहा आपोआप वर चढतो, तसं जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतो.

तिसरा रस्ता हवा, आणि यावर कोणाचा संशयच जात नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

हवेतल्या ओलीला आर्द्रता म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात, पण टक्के कशाचे? तर त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याचे. गरम हवा जास्त वाफ धरते, गार हवा कमी. आता अशी कल्पना करा की १५ डब्यांच्या लोकलमध्ये माणसं दाटीवाटीने पण बसलीयेत, आणि मध्येच अनाउन्समेंट झाली की गाडी आता १२ डब्यांची. माणसं तेवढीच, डबे कमी. तीन डब्यांची माणसं प्लॅटफॉर्मवर. हवा गार झाली की वाफेचं हेच होतं, जी मावत नाही ती पाणी होऊन जवळच्या गार वस्तूवर बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तो हाच. जुलैमध्ये मुंबईत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता म्हणजे रोजचीच गोष्ट, आणि ही हवा साधारण २४ अंशांच्या गार वस्तूला लागली तरी पाणी सुटायला लागतं.

आणि आपण काय करतो, तर रात्रभर एसी २० वर ठेवून झोपतो, भिंती मस्त गार होतात, सकाळी उठून एसी बंद आणि 'जरा ताजी हवा येऊ दे' म्हणून खिडकी सताड उघडी, बाहेर धो धो. ती सगळी ओली हवा गार भिंतीला येऊन चिकटते. एसीच्या खोलीला लागून जी दुसरी खोली असते ना, तिच्या बाजूनेही त्या सामाईक भिंतीला ओल धरते, आणि आपण मात्र वरच्या मजल्यावरच्यांशी भांडून येतो. शिवाय दव दिसायलाच पाहिजे असंही नाही, भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशीला तेवढं पुरतं. कपाटामागे हवा खेळत नाही म्हणून ठिपके तिथे आधी.

वर आपण घरातच पाणी ओततो. वॉशिंग मशीनचा एक घाणा हॉलमध्ये पंख्याखाली वाळत घातला की दोनएक लिटर पाणी घरातल्या हवेत गेलं. भात उकळणं, गरम पाण्याच्या आंघोळी, चार माणसांचा श्वास, सगळं त्यातच.

फॉइल चिकटवून बघा

आता ओल भिंतीतून येतेय की हवेतून हे कसं कळणार? याला एक फुकटातली युक्ती आहे. पोळ्या गुंडाळतो त्या फॉइलचा फूटभर चौकोन घ्या, भिंतीचा तेवढा भाग पुसून वाळवा, फॉइल लावा आणि चारही कडा टेपने नीट बंद करा, फट राहता कामा नये. दोन दिवस ठेवा. काढल्यावर फॉइलची भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतून.

आम्ही दोन लावले. कपाटामागचा काढला तर आतून ठणठणीत कोरडा आणि बाहेरून बोट फिरवलं की रेघ उमटेल एवढं दव. म्हणजे तीन वर्षं ज्या भिंतीसाठी आम्ही वरच्यांच्या बाथरूमवर डूख धरून होतो तिचा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता, तो आमचा एसी आणि आमचे हॉलमधले कपडे. दुसरा फॉइल खिडकीखाली लावला होता, तो मात्र आतून ओलागच्च, टेप ओढला तसा रंगाचा पापुद्राच हातात आला. तिथे बाहेरून छज्ज्याच्या सांध्याला भेग निघाली. एकाच खोलीत दोन वेगळे रोग, आणि आम्ही दोन्हींवर एकच औषध मारत होतो.

ब्लीचने जातात की ठिपके!

रंग जातो. ब्लीच हे मुख्यतः पाणीच असतं, प्लास्टरसारख्या सच्छिद्र गोष्टीत ते पाणी आत मुरतं आणि रंग उडवणारा भाग वरच काम करून संपतो, त्यामुळे वरून पांढरं दिसतं आणि आतले तंतू राहतात. शिवाय बुरशी मेली तरी तिच्या कणांनी शिंका, खोकला, अ‍ॅलर्जी होतेच, म्हणून मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा बुरशीसाठी सरसकट ब्लीच वापरायला सांगत नाही. काचेवर, टाइलवर ठीक आहे.

आणि एक गोष्ट मात्र कधीच करू नका, ब्लीच आणि अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लिनर एकत्र. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूमं तीन बाय पाचची, खिडकी म्हणजे डक्टात उघडणाऱ्या दोन काचेच्या पट्ट्या. अमोनियावाल्या काच पुसायच्या लिक्विडबरोबरही नको.

डाग तीन फूट बाय तीन फुटाच्या आत असेल तर घरी काढता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्याला चष्मा, पंखा बंद, खोलीचं दार बंद. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने खरवडायचं नाही, लाखो बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, फडकं फेकून द्यायचं, आणि मग भिंत पूर्ण वाळवायची. बुरशी आत शिरलेली गादी, प्लाय, पुठ्ठ्याचे खोके यांचा मोह सोडायचा. आईला हे अजिबात पटलं नाही, कपाटाची ती मागची फळी अजून पॅसेजमध्ये उभी आहे.

वॉटरप्रूफ पुट्टी मारली तर?

पाणी बाहेरून येत असताना आतून वॉटरप्रूफ थर मारणं म्हणजे ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारणं. पाणी थांबत नाही, ते थराच्या मागे साचतं, मग फुगे, मग पोपडे, आणि पुढच्या वर्षी ते एक फूट बाजूला दिसतं. पाणी जिथून शिरतं त्या बाजूला अडवायचं असतं. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत तर अजून एक भानगड असते, तिथलं मूळ प्लास्टर चुन्याचं. चुना ओल घेतो आणि सोडतो. दुरुस्ती करताना त्याच्यावर घट्ट सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि वीट भुसभुशीत व्हायला लागते.

मग प्रोफेशनल लोक वेगळं काय करतात?

खरे प्रोफेशनल असतील तर बरंच. आयआयसीआरसी नावाची अमेरिकेतली संस्था आहे, १९७२ पासूनची, तिने या कामाचे नियमच लिहून ठेवलेत, पाण्याने झालेल्या नुकसानीसाठी एस-५०० आणि बुरशीसाठी एस-५२०. पाण्याचे ते तीन प्रकार करतात: नळाचं स्वच्छ, वॉशिंग मशीनचं वगैरे मळकं, आणि गटाराचं किंवा पुराचं. तिसऱ्या प्रकारात भिजलेली गादी वाळवून वापरायचीच नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुर्ल्याला आमच्या आत्याच्या घरात छातीभर पाणी होतं, तिने गाद्या गच्चीवर आठ दिवस उन्हात टाकल्या आणि पुढे चार वर्षं वापरल्या. तेव्हा सांगणार कोण, आणि नवीन गाद्यांना पैसे कुठे होते.

बुरशीच्या कामाचा क्रम असा असतो की आधी पाणी बंद. ते बंद नसेल तर काम घ्यायचंच नाही. मग त्या भागाला प्लास्टिक लावून तो घरापासून तोडायचा आणि आतली हवा फिल्टरमधून बाहेर ओढत ठेवायची म्हणजे बीजाणू बाकीच्या खोल्यांत जात नाहीत. मग खराब झालेलं काढायचं, उरलेलं हेपा व्हॅक्युमने ओढायचं आणि पुसायचं. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांतलेही ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. साधा व्हॅक्युम क्लिनर बीजाणू एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने खोलीभर उडवतो. शेवटी वाळवणं, आणि वाळलं का हे हात लावून ठरवायचं नाही, मॉइश्चर मीटर लावून आकडा बघायचा.

यात सुगंधी स्प्रे कुठे आला का? म्हणून फोनवरच विचारा, मॉइश्चर मीटर आहे का, हेपा व्हॅक्युम आहे का, पाणी कुठून येतंय ते आधी बघणार का. आमच्याकडे आलेल्यांना मी दुसऱ्यांदा फोन करून हे विचारलं तर समोरचा म्हणाला, सर आमचं फोर स्टेप क्लिनिंग आहे.

ही ती कोविडवाली काळी बुरशी का?

नाही. हा प्रश्न आमच्या मजल्यावर तिघांनी विचारला. २०२१ मध्ये बातम्यांत जी काळी बुरशी होती तो म्युकरमायकोसिस, तो वेगळ्या गटातल्या बुरश्यांमुळे होतो आणि मुख्यतः साखर हाताबाहेर गेलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. काळी हे नाव त्यात मेलेल्या पेशी काळ्या पडतात म्हणून. भिंतीवरची बुरशी काळी, हिरवी, पांढरी कशीही असू शकते आणि नुसत्या रंगावरून ती किती वाईट हे ठरत नाही. पण म्हणून सोडून द्यायची असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ओलसर घराचा दम्याशी, खोकल्याशी, छातीत घरघर होण्याशी संबंध स्पष्ट मांडलाय. घरात लहान मूल, दमेकरी, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर साफसफाई त्यांच्या हातून करायची नाही.

एअर प्युरिफायर घेऊ का? आणि खिडकीचं काय?

प्युरिफायर हवेत उडणारे बीजाणू पकडेल, भिंतीवरच्यांना आणि ओलीला हातही लावणार नाही. ओल काढायची तर डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड. एसीच्या पाइपातून बाहेर टपकणारं पाणी असतं ना, ते तुमच्या खोलीतल्या हवेतलंच, एका रात्रीत बादलीत किती साचतं ते एकदा बघाच.

मुंबईची गंमत अशी की पावसाळ्यात बाहेरची हवा धुतलेली असते पण ओली, आणि दिवाळीनंतर कोरडी असते पण धुळकट. त्यामुळे 'खिडकी उघडी ठेवा' हा सल्ला बारा महिने चालत नाही. हिवाळ्यात जो पीएम २.५ चा आकडा सांगतात तो म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपल्याकडे २४ तासांची मर्यादा एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. त्या दिवसांत प्युरिफायरला अर्थ आहे. पण स्प्लिट एसी म्हणजे ताजी हवा हा गैरसमज काढून टाका, तो खोलीतलीच हवा फिरवतो. सगळं बंद करून चौघं एका खोलीत झोपले की सकाळी डोकं जड होतं त्यात कोंडलेल्या हवेचा वाटा असतो. दिवसातून दोनदा दहा मिनिटं आरपार हवा जाऊ द्या, पावसाळ्यात एसी बंद करून भिंत जरा कोमट झाल्यावर.

मच्छर कॉइलबद्दल मात्र वाचून मी हादरलो. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरले होते. आम्ही पलंगाखाली लावायचो. डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन, त्यांनी वास झाकला जातो इतकंच, आणि लहान बाळाच्या कपड्यात तर अजिबात नको. ओझोन सोडणारी मशीनं घेऊ नका, ओझोन फुप्फुसाला त्रास देतो. आणि झाडं? कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते असं ज्याच्या जोरावर सांगतात तो १९८९ चा नासाचा अभ्यास लहान बंद चेंबरमधला होता. २०१९ मध्ये हिशोब मांडला गेला तेव्हा खिडकी उघडण्याएवढा फायदा मिळवायला एका चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील असं निघालं. मनी प्लांट छान दिसतो, ठेवा.

मी स्वतः घेतलं ते फक्त एक हायग्रोमीटर, आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं, काही शे रुपयांत मिळतं. ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा. पहिल्या दिवशी बेडरूममध्ये ८४ होतं. कपडे बाल्कनीत गेले, एसी २५ वर आला, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, आता ६२-६३ वर असतं.

आणि भेगेचे पैसे कोण देणार?

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची गळती हे सोसायटीचं काम, फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्याने. कागदावर. आमच्या सेक्रेटरींना मी फॉइलचे फोटो पाठवले, त्यांनी उत्तरात अंगठ्याचा इमोजी टाकला, पुढे काही नाही. मग लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा कुठे ऑक्टोबरात माणूस दोरीवरून उतरून भेग भरून गेला.

रंगारी म्हणतो दिवाळीच्या आधी उरकून घ्या, नंतर मी गावी जातो. पण बाहेरून भेग बुजली तरी आतलं प्लास्टर वाळायला आठवडे लागतात, ओल्यावर रंग मारला की परत तेच. खिडकीखाली नवीन फॉइल लावलाय, तो दोन वेळा आतून कोरडा निघाला की मग त्याला फोन. आईने सध्या तिथे कॅलेंडर टांगलंय, ते मी दर दोन दिवसांनी उचलून बघतो.